रेडिएटरचा होज पाइप पुन्हा पुन्हा निसटतो तेव्हा

रेडिएटरचा वरचा होज पाइप, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेणारी रबरी नळी, एकदा निसटला, तर क्लिप सैल राहिली असेल असं म्हणून सोडून देता येतं. नवी क्लिप लावूनही तो पुन्हा निसटला, तर दोष स्क्रू आवळण्यात नाही, दुसरीकडे आहे. अशा वेळी सहसा क्लिप आणखी जोरात आवळली जाते, नाहीतर तिच्या शेजारी दुसरी चढवली जाते. जास्त आवळलेली पट्टी रबर कापते, पाइप ज्याच्यावर चढतो ती प्लास्टिकची तोटी चेपते किंवा तडकवते, आणि पुढच्या घाटात पाइप परत सुटतो. पाणी गेलेलं इंजिन थोडा वेळ जरी तसंच ओढलं तरी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनचा भाग, वाकडं होऊ शकतं, म्हणून कारण सापडेपर्यंत हे काम अर्धवट सोडू नये.

कारणं कितीही दिसली तरी ती दोन गटांत बसतात: पाइपची पकड कमी पडते, किंवा आतला दाब नको तितका वाढतो. पहिल्या गटात तोटीवरचं तेल, चुकीच्या मापाचा पाइप, चुकीच्या जागी बसलेली क्लिप आणि तोटीच्या टोकाजवळचा झिजलेला किंवा मुळातच नसलेला कंगोरा (वर आलेली कड) येतो. दुसऱ्यात अडकलेलं झाकण, बंद पडलेला पंखा, तुंबलेला रेडिएटर आणि उडालेलं हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). पकडीचा दोष असताना झाकण बदललं, किंवा गॅस्केट गेलेलं असताना क्लिप बदलली, तर खर्च होतो आणि पाइप निसटतच राहतो.

जोर किती लागतो याचा अंदाज घेऊ. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. काही झाकणांवर तोच किलोपास्कलमध्ये 88 किंवा 108 असा दिसतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण तितके किलो दाब होईपर्यंत झाकण बंद राहतं. 35 मिलिमीटर व्यासाच्या तोटीचं क्षेत्रफळ सुमारे 9.6 चौरस सेंटिमीटर भरतं. 1.1 च्या झाकणाखाली पाइपला तोटीवरून ढकलणारा जोर झाला साधारण साडेदहा किलो. स्वच्छ तोटी, बरोबर मापाचा पाइप आणि एक चांगली क्लिप एवढा जोर सहज सांभाळतात. सांभाळत नसतील, तर या तिघांपैकी एक बिघडलेलं आहे किंवा दाब साडेदहा किलोच्या हिशेबात राहिलेला नाही.

निसटलेला पाइप काय सांगतो

पाइप परत चढवण्याआधी तो कुठल्या टोकाने सुटला आणि केव्हा सुटला हे नोंदवून ठेवा. निम्मं निदान इथेच होतं.

दर वेळी एकच टोक सुटत असेल, तर त्या तोटीत, त्या टोकाच्या रबरात किंवा त्या क्लिपमध्ये दोष आहे. कधी इंजिनकडचं, म्हणजे थर्मोस्टॅटकडचं (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेकडचं) टोक, कधी रेडिएटरकडचं, आणि मध्येच हीटरच्या पाइपलाही पाझर, असं होत असेल तर दाबाकडे बघा.

तापमानाचा काटा मध्यावर असताना अचानक पाणी गेलं, तर बहुधा पकडीचा प्रश्न. काटा आधी वर चढला आणि मग पाइप उडाला, तर गाडी गरम होण्याचं कारण आधी शोधायचं. एक सावधगिरी: पाणी निघून गेल्यावर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येतो. पाइप सुटल्यानंतरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

घाट चढून वर आल्यावर गाडी बंद केली आणि काही मिनिटांत पाइप सुटला, हा प्रकार नेहमीचा आहे. इंजिन बंद झालं की वॉटर पंप थांबतो, तापलेल्या हेडची उष्णता जागच्या जागी असलेल्या पाण्यात उतरते आणि तापमान व दाब थोडा वेळ वाढतच राहतात. पकड आधीच कमी असलेला पाइप नेमका तेव्हा दगा देतो. म्हणून चढानंतर गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवावी.

क्लच सोडताना किंवा पहिल्या-रिव्हर्स गिअरमध्ये झटका बसल्यावर पाइप सरकत असेल, तर इंजिन माउंटिंग तपासा. रेडिएटर बॉडीला बांधलेला असतो आणि इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. माउंटिंग तुटलं की इंजिन नको तितकं डोलतं आणि दर झटक्याला पाइप ओढला जातो. बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक ओढून, कुणाला तरी ब्रेक दाबून क्लच हळूच अर्धा सोडायला सांगा. तुम्ही गाडीच्या बाजूला उभे राहा, पुढे नाही. इंजिन उसळून कलत असेल तर आधी माउंटिंग बदला.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी गरम व्हायच्या आतच वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. हेड गॅस्केट गेलं आहे किंवा हेडला तडा आहे. इथे कुठलीही क्लिप उपयोगाची नाही.

काम सुरू करण्याआधी

गरम इंजिनचं झाकण उघडू नका. वरचा पाइप हाताने आरामात धरता येईल इतकं इंजिन निवलं पाहिजे; त्याला सहसा तासभर तरी लागतो. इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही फिरू लागतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, तेव्हा ते पसरट भांड्यात धरा, जमिनीवर सोडू नका.

हाताशी ठेवण्याच्या गोष्टी: तुमच्या मॉडेलचा साच्यातला नवा होज पाइप, दोन नव्या क्लिपा, 7 किंवा 8 मिमीचा बॉक्स पाना, धारदार ब्लेड, 400 नंबरचा पॉलिश पेपर, भांड्याचा लिक्विड साबण, स्वच्छ फडकी, पांढरा मार्कर, नरसाळं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

पाइप काढणं

रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडून दीड-दोन लिटर कूलंट काढा, म्हणजे पातळी वरच्या पाइपच्या खाली येते. खालचा पाइप बदलायचा असेल तर सगळंच काढावं लागेल. लहान पेट्रोल गाडीत ते साडेतीन ते पाच लिटर असतं.

जुना पाइप तोटीला चिकटून बसलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. प्लास्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरची तोटी अशानेच तुटते आणि पूर्ण रेडिएटर बदलायची वेळ येते. दोन्ही हातांनी पाइप मागेपुढे पिळून सुटतो का बघा. नाही सुटला तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर पाडून सोला, पण ब्लेड तोटीवर ओरखडा काढणार नाही याची काळजी घ्या.

काढलेला पाइप फेकण्याआधी तपासा. क्लिपच्या जागेपासून दोन इंचांच्या आत तो बोटांनी दाबा. तिथे मध्यभागापेक्षा मऊ, पोकळ लागला तर रबर आतून चिरत गेलं आहे. पाइपची झीज टोकांजवळ जास्त होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चिकट आणि फुगलेला असेल तर त्याला तेल लागलेलं आहे. रेडिएटरचे पाइप बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण इंजिन ऑइल, ग्रीस आणि डिझेलने फुगतं आणि ढिलं पडतं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपलेलं ऑइल थर्मोस्टॅट हाउसिंगवर उतरतं आणि तिथून पाइपखाली शिरतं, हे मागच्या बाजूने होत असल्याने लक्षात येत नाही. असं असेल तर पॅकिंग बदलल्याशिवाय नवा पाइप लावू नका.

तोटी: खरं काम इथे आहे

तोटीच्या टोकाजवळ सगळीकडून वर आलेला एक कंगोरा असतो. उंची जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर, पण पाइप त्याच्यावर अडकून राहतो. बोट फिरवून तो पूर्ण वर्तुळात शाबूत आहे का बघा. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर पांढरी भुकटी आणि खड्डे पडलेले असतील, तर कंगोरा एका बाजूने खाल्ला गेलेला असतो. बोअरचं जड पाणी भरत राहिलेल्या गाड्यांत क्षाराचा थर चढून तोटी खडबडीत होते. वरून क्लिप घट्ट वाटते, आत पाइप जागोजाग अधांतरी असतो.

ॲल्युमिनियमची किंवा पितळेची तोटी पॉलिश पेपरने घासा, पण गोलाकार, बूट पुसायच्या पट्टीसारखा कागद गुंडाळून. लांबीच्या दिशेने घासलं तर पडणारा प्रत्येक ओरखडा पाण्याला आतून बाहेर यायची वाट होतो. प्लास्टिकच्या तोटीला पेपर लावू नका. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. मग धातूची असो वा प्लास्टिकची, तोटी साबणाने धुऊन, पाण्याने खळबळून, कोरड्या फडक्याने पुसा. शेवटचं पांढरं फडकं पांढरंच राहिलं पाहिजे. त्याच्यावर काळपट ओशट डाग आला तर पुन्हा धुवा.

खड्डे कंगोऱ्याच्या मागच्या सपाट भागात, म्हणजे क्लिप बसते तिथे असतील, तर हाउसिंग बदला. खड्डे पुट्टीने भरण्यात अर्थ नाही, ती उष्णतेने सुटते आणि तिचे तुकडे रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात.

एक प्रकार खास तपासण्याजोगा आहे. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर दुरुस्त करताना कधी तुटलेल्या तोटीच्या जागी साधा सरळ पाइपचा तुकडा डाग देऊन बसवलेला असतो, कंगोरा नसलेला. तापमान दाखवण्यासाठी मध्ये घातलेले जोडही काही वेळा असेच गुळगुळीत असतात. अशा तोटीवरून पाइप निसटणारच. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडून टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत सुमारे दीड-दोन मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचं पूर्ण कडं डाग देऊन घ्या आणि त्याच्या कडा गोल करून घ्या. तारेची दोन टोकं जिथे जुळतात तिथे फट राहू देऊ नका. ॲल्युमिनियमवर हेच काम वेल्डिंगने होतं.

पाइपचं माप

तोटीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा, लांबी मोजा आणि 3.14 ने भागा. 110 मिमी आली तर तोटी 35 मिमीची. पाइपचा आतला व्यास तेवढाच किंवा अर्धा-एक मिलिमीटर कमी हवा. 35 च्या तोटीवर 38 चा पाइप क्लिपने दाबून बसवला, तर जादा रबराची एक घडी पडते. ती घडी क्लिपच्या स्क्रूखाली लपते, तिथून पाणी झिरपतं आणि ओल्या तोटीवर पाइप हळूहळू सरकत जातो.

आकारही जुळला पाहिजे. कुठल्याही वळणाचा पाइप कापून बसवला की तो एका टोकाला सतत ताण देतो. नवा पाइप क्लिपांशिवाय कोरडा चढवून बघा: हात सोडल्यावर तो दोन्ही टोकांना आपणहून राहिला पाहिजे, ओढला किंवा मुडपला जाता कामा नये. खालच्या पाइपमध्ये काही गाड्यांत स्प्रिंग असते. खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो आणि स्प्रिंग नसली तर चेपतो. जुन्यात होती तर नव्यातही हवी.

क्लिप

कंपनीतून आलेली स्प्रिंग क्लिप कमी दर्जाची समजून काढून टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. रबर तापून फुगतं, निवून आकसतं. स्प्रिंग क्लिप दोन्ही वेळा दाब कायम ठेवते. तिचा ताण गेला असेल किंवा ती गंजली असेल तर त्याच मापाची नवी घ्या.

स्क्रूवाली क्लिप घ्यायची असेल तर 12 मिमी रुंद पट्टीची, स्टेनलेस स्टीलची, आणि आतून गुळगुळीत. ज्या पट्टीला आरपार खाचा असतात, तिच्या खाचांतून रबर वर येतं आणि कापलं जातं. सिलिकॉनच्या पाइपवर तर ती लावूच नये. माप पाइपच्या बाहेरच्या व्यासावरून: 35 ची तोटी आणि दोन्ही बाजूंना साडेचार मिमी रबर म्हणजे 44. त्यासाठी 32 ते 50 ची क्लिप योग्य. फार मोठी घेतली तर आवळल्यावर गोल न राहता स्क्रूजवळ चपटी होते. स्क्रू फिरवताना मध्येच सटकत असेल तर आटे गेलेत, ती टाकून द्या.

बसवणं

1. दोन्ही क्लिपा आधी पाइपवर ओवून मध्यभागी सरकवून ठेवा.

2. तोटी जिथे संपून हाउसिंग सुरू होतं तिथपर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढ्या अंतरावर पाइपच्या टोकापासून मार्करने रेघ मारा. ही रेघ तोटीच्या टोकापाशी आली की पाइप पूर्ण आत गेला.

3. तोटीला बोटाने किंचित कूलंट लावा किंवा साबणाचं पाणी. ग्रीस, ऑइल, डब्ल्यूडी-40 काहीही नको. सिलिकॉन सीलंटही नको: ओला सीलंट वंगणाचं काम करतो, आणि क्लिप आवळताना पाइप त्याच्यावरूनच मागे सरकतो.

4. पाइप पिळत पिळत शेवटपर्यंत ढकला.

5. क्लिप कंगोऱ्याच्या मागे आणा, म्हणजे पाइपच्या टोकाच्या बाजूला, टोकापासून पाच-सहा मिलिमीटर सोडून. कंगोऱ्यावर बसलेली क्लिप गाडी तापली की सरकते, आणि कंगोऱ्याच्या पुढे, तोटीच्या तोंडाकडे बसलेली काहीच धरत नाही. हात लावून बघा: पट्टीच्या एका कडेला कंगोऱ्याचा उंचवटा जाणवला पाहिजे, पट्टीच्या खाली नाही. वारंवार निसटणाऱ्या पाइपमध्ये ही चूक आधी तपासा, कारण ती दुरुस्त करायला काहीच खर्च नाही.

6. स्क्रूचं तोंड पंखा आणि बेल्टपासून लांब, पण नंतर पाना पोचेल असं ठेवा. स्क्रू ड्रायव्हरपेक्षा बॉक्स पाना बरा, तो घसरत नाही. 12 मिमीच्या क्लिपला साधारण 5 न्यूटन-मीटर पुरतात, 9 मिमीच्या क्लिपला 3. हाताच्या भाषेत सांगायचं तर रबर पट्टीच्या दोन्ही कडांशी किंचित उचललं गेलं की थांबा.

7. पाइपचं टोक जिथे येतं तिथे तोटीवर आणि पाइपवर मिळून एक पांढरी खूण करा. ही खूण पुढे फार कामाला येते. पाइप निसटण्याआधी काही दिवस मिलिमीटर-मिलिमीटरने सरकत असतो, आणि तुटलेली खूण ते आधीच दाखवते.

दोन क्लिपा एका टोकाला लावायच्या असतील तर दोन्ही कंगोऱ्याच्या मागे मावल्या पाहिजेत आणि त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला हवेत. बहुतेक गाड्यांत तेवढी जागाच नसते.

भरणं, हवा काढणं, चाचणी

कूलंट गाढं असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. तयार मिश्रण असेल तर पाणी घालायचं नाही. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबेपर्यंत तो उघडा ठेवा. रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीत झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवा आणि वरचा पाइप मधूनमधून दाबत राहा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. पाइप एकदम गरम झाला आणि पातळी खाली गेली की तो उघडला. पुन्हा भरा, झाकण लावा. अडकलेली हवा सोडून दिली तर हेडजवळ वाफेचे गोळे होतात आणि त्यांचा धक्का नव्या जोडाला बसतो.

हाताचा प्रेशर टेस्टर मिळाला तर थंड इंजिनवर झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरून पंधरा मिनिटं काटा बघा. त्यापेक्षा जास्त भरू नका. टेस्टर नसेल तर पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. पूर्ण निवल्यावर स्क्रूवाली क्लिप पुन्हा आवळा, कारण पहिल्या तापण्या-निवण्यात रबर दबतं. 500 किलोमीटरनंतर आणखी एकदा. स्प्रिंग क्लिपला हे लागत नाही.

खूण सरकली तर

तोटी, पाइप, क्लिप सगळं ठीक असून खूण सरकत असेल, तर दाब शोधा. आधी झाकण: स्प्रिंगवाली झडप बोटाने दाबली तर सहज खाली जाऊन वर आली पाहिजे, रबर चिरलेलं नको. 0.9 च्या गाडीला 1.1 चं झाकण लावलेलं नाही ना तेही बघा. झाकणाखालून बाटलीकडे जाणारी बारीक नळी मातीने तुंबलेली किंवा दुमडलेली असेल तर दाब निघायला वाट नाही. मग पंखा वेळेवर लागतो का, रेडिएटरच्या जाळीत माती-किडे भरलेत का.

हे सगळं बरोबर असेल तर गॅस्केट तपासा. गॅरेजमध्ये निळं रसायन असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढतात. पेट्रोल गाडीत रसायन पिवळं पडलं तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. सिलिंडरमधला वायू झाकणाला दाब सोडायला सवडच देत नाही, म्हणून अशा गाडीत पाइप बदलणं थांबवा आणि हेड उघडा.

झाकण सैल ठेवून कायम गाडी चालवणं हा उपाय नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. बऱ्याच गाड्यांचा पंखा त्याच सुमाराला लागतो. दाब नसेल तर पंखा लागायच्या वेळीच पाणी उकळू लागेल.

घाटात अडकलात तर गोष्ट वेगळी. इंजिन पूर्ण निवू द्या. तापलेल्या ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. पाइपचं टोक फाटलं असेल आणि लांबी पुरत असेल तर पंधरा-वीस मिलिमीटर सरळ कापून टाका, तोटी पुसून पाइप चढवा. क्लिप मोडली असेल तर बांधणीची तार दोन वेढे देऊन पकडीने पिळा, वेढे कंगोऱ्याच्या मागेच. साधं पाणी भरा. जोडावर जोर येऊ नये म्हणून रेडिएटरवरचं झाकण पहिल्या खाचेपर्यंतच बसवून हळू चालवता येतं, पण ते फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत, एसी बंद, हीटर चालू आणि दर चार-पाच किलोमीटरवर थांबून पाणी बघत. पाहताना गरम झाकणाला हात लावू नका. बाटलीतली पातळी आणि जोडाखालची ओल बघा. प्लास्टिकच्या दाबाच्या टाकीवर झाकण असलेल्या गाडीत खाच नसते. तिथे झाकण पूर्ण लावा, आणि जोड धरत नसेल तर गाडी ओढून न्या.